भिंतीवरच्या घड्याळाला लावलेला कॉम्प्युटर

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बुद्धप्रिया कॉम्प्युटर सांभाळते. तिची आई मीनाबाई तिथंच वीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवायची. साहेबापुढं कधी ब्र काढला नाही. लेक वेगळ्याच मातीची. हिच्या जिभेला हाड नाही, असं ऑफिसात म्हणतात. ती म्हणते, पाठीला कणा आहे ना, पुरे.

सोमवारी शिलाई खात्यातली साबेराआपा रडतच तिच्या टेबलापाशी आली. हजेरीसाठीच्या अंगठ्याच्या मशीनवर महिन्यात तीन लेटमार्क पडले की नाव कमी, हा इथला नियम. आपाचे तीन भरले होते. बाकी बायांचेही एक-दोन पडलेच होते.

"मी टायमावरच आले की गं! खुदा कसम!"

बुद्धप्रियानं मोबाइल कॉम्प्युटरशेजारी धरला. कॉम्प्युटर चक्क दहा मिनिटं पुढं, आणि अंगठ्याचं मशीन वेळ त्याच्याकडूनच घेतं. कॉम्प्युटरनं ती इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरकडून घ्यायची असते. तिनं बटण दाबून वेळ मागवली, उत्तर नाही. इंटरनेट चालू, सर्व्हरचं नाव बरोबर. दुसरा सर्व्हर लावला, तोही मुका. मग तिला गेल्या महिन्यात बसवलेला राउटर आठवला. वेळ ज्या वाटेनं येते ती वाटच त्यानं बंद केली होती.

पण तेवढ्यानं घड्याळ थोडंफार भरकटेल. नेमकं दहा मिनिटं कसं? तिनं नोंदी उघडल्या. तीन तारखेला वेळ हातानं बदललेली, मॅनेजर मल्लिनाथ साहेबांच्या लॉगिननं.

तिनं भिंतीकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. लोकांनी घाई करावी म्हणून ऑफिसातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायची इथली जुनी रीत. मागं पडलेला कॉम्प्युटर साहेबांनी त्याच घड्याळाला लावला होता! आधी तिला हसू आलं, मग आपाकडं पाहून संताप.

तिनं राउटरमधली वाट मोकळी केली. कॉम्प्युटर झटक्यात ताळ्यावर आला. तेवढ्यात साहेब आत आले.

"कुणी सांगितलं तुला? व्हतं तसं कर! लेटमार्क मी वर पाठवलेत. माझं हसं करतीस का?"

"तुमचं हसं हुईल म्हणून आपाचं काम जायचं व्हय? न्हाय करणार."

"मग उद्यापासनं तूबी घरी बस."

"बसते की. कशापायी, ते कागदावर लिहून द्या."

साहेब काही लिहिनात. बुद्धप्रियानंच लिहिलं. नोंदीचा कागद छापला, खाली 'तीन तारखेपासूनचा एकही लेटमार्क खरा नाही' असं ठसठशीत लिहून पूर्ण नावानिशी सही ठोकली आणि अंगठ्याच्या मशीनशेजारी चिकटवला. बायांनी तो एकमेकींना वाचून दाखवला.

साबेराआपा डोळे पुसून शिलाई खात्यात शिरली आणि आपल्या जागेवर बसली. साहेब मागोमाग धावले.

"ए, तुझं नाव कमी झालंय!"

"घड्याळ चुकलं साहेब, मी न्हाय," म्हणत आपानं मशीन सुरू केलं. शेजारणीनं सुरू केलं. मग सगळ्याच बायांनी. साहेब पुढं काय ओरडले, ते कुणालाच ऐकू आलं नाही.