धाकलूच्या परड्यातली चवई

कळंबात कुणाकडेही लगीन निघालं, की मांडवदारी रोवायचे केळीचे खांब धाकलूच्या परड्यातून यायचे. मान त्याच्या घरचा. त्यापायी नारळ मिळे, विडा मिळे, आणि खांब रोवताना भल्याभल्यांना ‘बाजूला व्हा रं’ म्हणायला मिळे. धाकलूला हे शेवटचं फार प्यारं. एरवी त्याच्या सांगण्यावरून घरची कोंबडीसुद्धा बाजूला होत नसे.

अट एकच. खांब मानकऱ्याच्या स्वतःच्या परड्यातले हवेत. ज्याच्या परड्यात केळ, त्याचा मान.

साठ-एकसष्टच्या पावसात नदी परड्यात शिरली आणि केळीचं अख्खं बेट घेऊन गेली. त्यात धाकट्या भावाच्या, नामाच्या मैनेचं लगीन येत्या वैशाखात ठरलेलं. सख्ख्या पुतणीच्या मांडवाला परक्याचे खांब! धाकलू अर्ध्या जेवणावरून उठला.

“अवो, शेजारच्या पदूभावजींकडनं मुनवे मागून आना ना,” बायको सुंदरा म्हणाली. “त्यांच्या बेटाला बक्कळ पिलं फुटल्यात.”

“पदूकडनं? मेलो तरी नाय. जल्मभर सांगत फिरंल, धाकल्याचा मान माज्या पिलावर उभा हाय म्हनून!”

आणि तो भीमाशंकराच्या कड्याखाली रानकेळ शोधायला गेला. तिथं त्याला दोन तऱ्हा दिसल्या. ओढ्याकाठी एक सडपातळ, लांब देठाच्या पानांची, पायाशी पिलांचा गोतावळा. वर कातळाच्या फटीत दुसरी, बुंध्याशी रांजणासारखी फुगलेली, पानं थेट बुंध्यातून आभाळाकडे निघालेली, एकटीच. धाकलूनं बाजारात बैल पारखावा तसं दोघींना पारखलं. जिचा खांदा भरदार तिच्यात दम, हा साधा हिशेब. कातळावरची एक जवान बघून उपटली आणि खांद्यावर टाकून घरी आणली.

भादव्यात तिची पानं दाराच्या फळीएवढी झाली. धाकलू वाटेनं जाणाऱ्याला हाका मारमारून दाखवू लागला. पदूही आला. बुंध्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, “अंगानं बरी हाय रं. पन हिची पोरं कुटं हायत?”

“होतील. खानदानी हाय, घाई करीत नाय.”

दिवाळी उलटली तशी पानं पिवळी पडायला लागली. पौषात गळाली. माघात परड्यात उरला फक्त मातीत बसलेला एक गड्डा. धाकलू त्याच्यावर इमानानं पाणी ओतत राहिला.

“झोपली वाटतं तुमची खानदानी,” सुंदरा म्हणाली. “पाटावर बसवून आंगूळ घाला, म्हंजी उठंल.”

दुसऱ्या दिवशी धाकलू सकाळी उठून पुन्हा कड्याखाली गेला. कातळावरच्या सगळ्या रांजणवाल्या गडप झाल्या होत्या. फटीफटीत नुसते गड्डे. खाली ओढा आटलेला, पण काठच्या सडपातळ केळी हिरव्यागार. त्यानं एकीच्या पायाशी बोटं खुपसली, कोवळे मुनवे हाताला लागले. मग वर जाऊन गड्डा चाचपला. चहूबाजूंनी गुळगुळीत. पिलाची खूणही नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ही चवई! पावसाळ्यात जिच्या बोंडाची भाजी तो दोनदा मागून खायचा, ती. ठाकरणी बोंड खुडून दारात आणून द्यायच्या. झाड बघायची वेळच कधी आली नव्हती. पावसात डोलायचं, उन्हाळ्यात निजायचं, आणि पिल्लू म्हणून घालायचं नाही, असा तिचा कारभार. ओढ्याकाठचा मुनवा आत्ता नेला, तरी वैशाखापर्यंत तो फार तर गुडघ्याला लागणार.

परतताना तो घरी न जाता थेट पदूच्या ओटीवर जाऊन बसला.

“पदू, मैनेच्या मांडवाला खांब तुज्या परड्यातलं दे.”

पदूनं पानाला चुना लावता लावता विचारलं, “आनि मान?”

“मानबी तुजा.”

पदूनं ओठावर आलेला टोमणा गिळून पानाची घडी घातली. मग पान धाकलूच्याच हातात देत म्हणाला, “खा.”

लग्नाच्या दिवशी खांब पदूनं रोवले, नारळ त्यानं घेतला. ‘बाजूला व्हा रं’ मात्र त्याला जमेना. “जरा सरकता का?” असं पाहुण्यांसारखं बोलला, आणि डावीकडचा खांब कलता राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे नवरानवरीकडे बघत होते, धाकलू खांबाकडे. तिसऱ्या अष्टकाला त्याला राहवेना. अक्षतांची मूठ तशीच धरून तो कडेकडेनं गेला, खांबाला खांदा लावून सरळ केला आणि बुंध्याशी टाचेनं माती दाबू लागला. वर मान केली तर समोर पदू.

“राहू दे, तू अक्षता टाक,” पदू कुजबुजला. “दाबतो मी.”

“तुला नाय जमायचं,” धाकलू म्हणाला. “बाजूला हो रं.”

पदू बाजूला झाला.