मोरचुदाचा रंग

"आत्याबाय, चुन्यात मोरचूद घालू का? मधलं घर उठून दिसंल," सुनेनं आज विचारलं, आणि ओल्या चुन्याच्या वासानं मला ती जुनी दिवाळी आठवली.

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी होती. बैलांच्या खुरांना लावायला कर्जतच्या बाजारातून आणलेला निळा, विषारी मोरचूद मी कुणाला न विचारता कुटला आणि चुन्यात मिसळला. भिंती नीळकंठाच्या पंखासारख्या उजळल्या. शेजारची पारूकाकी बघायला आली. जाताना गोठ्यातल्या वासराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "भिंती काय, वासरू काय! नजर हालत नाय गं."

उरलेल्या रंगाचं मडकं मी गोठ्यातच विसरले. सकाळी पाहिलं तर मडकं रिकामं आणि वासरू पाय ताणून पडलेलं. त्याच्या ओठांवर तोच निळा-हिरवा रंग होता. सासूबाईंची चाहूल लागली तशी मी पदरानं ते ओठ पुसून काढले आणि मडकं मागच्या केळीत फेकलं.

"पारीची नजर लागली," सासूबाई म्हणाल्या.

मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी मान डोलावली.

गोष्ट गावभर झाली, तरी पारूकाकी भांडली नाही. त्या दिवसापासून कुणाच्याही गोठ्यावरून जाताना ती पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची. पुढे तिच्या स्वतःच्या घरी म्हैस व्याली, तेव्हाही ती पारडाकडे पाठ करून उभी राहिली.