पिवळी शिट्टी

मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये एक बातमी जोरात होती. दुसऱ्या मजल्यावरची शेडकार्ड आणि तिचा नवरा यांचं बोलणं बंद आहे म्हणे. पुरावे भक्कम होते. नवरा संध्याकाळी ड्युटीवरून येतो, जिन्यातून शिट्टी वाजवत चढतो, दाराशी उभा राहूनही वाजवतो आणि ती दार उघडत नाही. शेवटी बिचारा बेल दाबतो. वर सुट्टीच्या दिवशी ती घरात एकच गाणं पुन्हापुन्हा लावते, तेही भिंतीवरचं कॅलेंडर थरथरेल इतक्या आवाजात. म्हणजे आतली भांडणं बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणूनच ना? तळमजल्यावरच्या शिंप्यानं तर निकालच लावला, की बाई माहेरी जाणार.

बातमी मी उठवली नाही. तळमजल्यावरून वरच्या मजल्यांवर पोचवण्याचं काम तेवढं माझं, आणि जिने चढताना थोडं तिखटमीठ लागतंच.

पण बातमी साफ खोटी निघाली. भांडण नव्हतंच. आता वाटतं, असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता तरी येतं.

आधी शेडकार्ड म्हणजे कोण ते सांगते. ती रंगाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक भिंतीचा टवका, उशीचा अभ्रा, कधी मुलीच्या फ्रॉकचा तुकडा घेऊन येतं आणि म्हणतं, हुबेहूब असा रंग द्या. ही तो तुकडा उजेडात धरते, मशीनमधून थेंब थेंब रंग पांढऱ्या डब्यात सोडते, डबा घुसळायच्या मशीनला लावते आणि झाकण उघडून देते. ते घुसळायचं मशीन असं धडधडतं की समोरच्या माणसाशी खुणांनीच बोलावं लागतं. तिचं अर्धं आयुष्य त्या धडधडाटात गेलं. तिला कुठलाही रंग नुसता हिरवा किंवा नुसता लाल दिसत नाही. एकदा मी नवी साडी नेसून मोठ्या तोऱ्यात तिच्यासमोर उभी राहिले, तर म्हणाली, "छान आहे. जिन्याच्या कठड्याला हाच लावलाय." तेव्हापासून मी तिला शेडकार्ड म्हणायला लागले आणि मग सगळी बिल्डिंगच म्हणायला लागली.

बातमीची खातरजमा करावी म्हणून एका सुट्टीच्या दुपारी मी वाटीभर साखर मागायला गेले. साखर घरात होती. दार उघडंच होतं आणि गाणं दणक्यात वाजत होतं. आत बघते तर ही बाई जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, जुना गाऊन घालून, गुडघ्यांवर बसलेली. समोर पार्सलच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा. हातात भिंतीला मारायचा रुंद ब्रश, कानामागे बारीक काडी. आजूबाजूला दुकानातून आणलेले डबे. गिऱ्हाइकाला पसंत न पडल्यामुळे परत आलेला रंग दुकानात पडून राहतो, मालक तो हिला नेऊ देतो.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे तिनं वर पाहिलं. गाणं संपलं, तसा तिनं ब्रश खाली ठेवला.

"हे काय गं?" मी विचारलं.

"गाणं," ती म्हणाली.

पुठ्ठ्यावर ना झाड, ना बाई, ना सूर्य. विटकरी रंगाचे जाड फराटे, त्यावर निळसर पट्टे, मध्येच जांभळा डाग. मी म्हटलं, "मला तर भिंतीला ओल आल्यासारखं दिसतंय."

ती हसली आणि तिनं मला सगळं समजावून सांगितलं. विटकरी म्हणजे ताल. निळा म्हणजे गाणारीचा आवाज. कडवं संपून पुन्हा धृपद येतं तिथे जांभळा. गाणं सुरू असेपर्यंतच रंगवायचं. ते संपलं की ब्रश खाली, मग कितीही चुकलेलं दिसो, हात लावायचा नाही. आवडत्या सगळ्या गाण्यांची अशी चित्रं तिनं काढली होती आणि ती पलंगाखाली, कपाटामागे, अगदी शिलाई मशीनच्या मागेसुद्धा कोंबली होती.

"आणि हे गाणं?"

ती चक्क लाजली. लग्न ठरलं तेव्हा तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, हेच गाणं शिट्टीवर वाजवत तिच्या घरासमोरून जायचे. मूळ गाण्याची सुरुवातच शिट्टीनं होते आणि पुढेही प्रत्येक कडव्याआधी ती येते. म्हणून दर लग्नाच्या वाढदिवसाच्या आसपास ती या गाण्याचं एक नवं चित्र काढते. तिनं पलंगाखालून जुनी चित्रं ओढून काढली आणि भिंतीला टेकवून ओळीनं लावली.

मला चित्रातलं काही कळत नाही. पण बाजारात दोन दुकानांतली एकसारखी वांगी बघून फरक काढायची सवय आहे, तेवढी नजर मात्र कामाला आली. सगळ्यात जुन्या चित्रात एक पिवळी रेघ होती. ती शिट्टी, तिनंच सांगितलं. काडीनं काढलेली, लख्ख, वळणं घेत सगळ्या रंगांच्या वरून जाणारी. पुढच्या चित्रांत ती बारीक होत गेली होती. मग तुटक. मग इकडेतिकडे चार ठिपके. आणि समोरच्या ओल्या चित्रात पिवळा अजिबात नव्हता.

"काय गं, भावजींच्या शिट्टीला रंग पुरेना वाटतं?" मी म्हटलं. चेष्टाच करायची होती.

तिनं ओळीवरून नजर फिरवली. एकदा इकडून, एकदा तिकडून. रंग जुळवताना दुकानात ती बघते, तसं.

"स्पीकर जुना झालाय," ती म्हणाली. "शिट्टी उमटतच नाही आताशा. म्हणून तर आवाज वाढवावा लागतो."

तिनं गाणं परत लावलं. शिट्टी अशी स्वच्छ वाजली, की माझ्या घरात बसूनही मी ओळखली असती. ती स्पीकरजवळ मान वाकडी करून बसली होती, शिट्टी यायची वाट बघत. पुढे तबला सुरू झाल्यावर म्हणाली, "बघ, नाही ना?"

मी हात लांबवून गाणं बंद केलं.

आणि नेमकं तेव्हाच जिन्यात भावजींची शिट्टी ऐकू आली. तेच गाणं. एकेक पायरी चढत शिट्टी वर आली, दाराशी थांबली. मी आत येताना दार लोटून घेतलं होतं. शेडकार्ड चिंधीनं ब्रश पुसत होती. शिट्टी पुन्हा वाजली. ती ब्रशच पुसत होती. मग बेल वाजली, तशी उठली.

"किती दिवस रुसणार आहेस?" आत येता येता भावजी म्हणाले. मला बघून ओशाळले.

"मी कधी रुसले?" ती म्हणाली. "आल्या आल्या बेल वाजवायला काय होतं तुम्हाला?"

"अगं, शिट्टी वाजवतो की रोज."

"कधी?"

मी मध्ये पडले. "भावजी, परत बाहेर जा. दार लावा आणि वाजवा." ते गोंधळले, पण गेले. बस चालवणारा माणूस, घंटी वाजली की निघायची सवय. बाहेरून शिट्टी आली, आधी हळू, मग जोरात, मग जिवाच्या आकांतानं. ती दाराकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ऐकू येतंय हे तिला माझ्या तोंडावरून कळलं. तोंड कुठे लपवायचं ते मला कळेना.

मग कानाचा डॉक्टर झाला. त्यानं तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना यंत्र लावलं, तपासलं. बारीक, उंच आवाज गेलेत, म्हणाला. परत येत नाहीत. बाकीचेही सावकाश जातील. दुकानातल्या मशीनचा धडधडाट त्याला कारणीभूत असेल किंवा नसेल, त्याला ठाम सांगता येईना. कानात घालायचं मशीन दिलं. तिनं ते घातलं आणि घरी येऊन आधी गाणं लावलं. भावजी आणि मी परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे बसलो. शिट्टी आली, तिला ऐकूही आली, पण तिनं चेहरा आंबट केला. "पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटतंय," म्हणाली. आता ते मशीन ती दुकानात घालते, गिऱ्हाइकांसाठी. घरी काढून ठेवते.

भावजींनी हार मानली नाही. एकदा तिच्या कानाला तोंड लावून शिट्टी वाजवली. ती म्हणाली, "वारा लागतोय." एकदा तिचा हात आपल्या गालावर ठेवून वाजवली. "गाल फुगलेत," ती म्हणाली. त्यांचा चेहरा इतका पडला, की मी हसायला सुरुवात करून मध्येच थांबले.

यंदाचं चित्र तिनं लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी काढलं. मशीन न घालता, आवाज पूर्ण वाढवून. शिंपी खालून ओरडला तेही तिला ऐकू आलं नाही, हा एक फायदा. चित्रात विटकरी होता, निळा होता, तोही जरा फिका. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि भावजी माझ्याकडे आले. हातात पिवळ्या रंगाचा डबा.

"वहिनी, हे उघडून देता? झाकण घट्ट बसलंय."

"कशाला?"

"तिला तेवढंच बरं वाटेल."

माझंही डोकं चाललं नाही. काडी मीच शोधून दिली. भावजी पुठ्ठ्यासमोर गुडघ्यांवर बसले, जुनं चित्र शेजारी ठेवलं आणि रेघ काढायला लागले. आयुष्य रस्त्यावर गेलेल्या माणसाची शिट्टी ती. सरळ, तुटक, सारख्या अंतरावर, अगदी डांबरी रस्त्यावरच्या पट्ट्यांसारखी. "ओव्हरटेक करायला हरकत नाही," मी म्हटलं. ते हसले नाहीत. पुन्हा पुन्हा मागे सरून बघत होते.

संध्याकाळी ती आली. चप्पल काढायच्या आधीच तिला दिसलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. भावजींच्या अंगठ्याला पिवळा लागलेला होता.

"अगं, तुझंच गाणं आहे," भावजी म्हणाले. "फक्त राहिलेलं घातलं."

तिनं स्वयंपाकघरातून ओली चिंधी आणली, खाली बसली आणि अजून ओलसर असलेल्या पिवळ्या पट्ट्या एकेक करून पुसून काढल्या. निळ्याला धक्का लागू न देता. सवयीचा हात होता. भावजी शेजारी उभे होते, अंगठा पँटला पुसत. रंग काही जात नव्हता.

मला राहवलं नाही. "राहू दे ना गं. शिट्टीशिवाय ते गाणं अर्धं वाटतं."

तिनं चिंधी पिळली.

"अर्धंच आहे. मला जेवढं ऐकू येतं, तेवढंच मी काढणार. शिट्टी हवी असेल, तर यांना जिन्यात उभं कर आणि तू ऐक."