शरदने न सोडलेली क्वार्टर

मेसकर मंडळींनो, जेवायला बसण्याआधी फळ्यावरचा हा कागद वाचा.

आपला शरद जर्मनीला पळाला. ना राजीनामा दिला, ना कंपनीची क्वार्टर सोडली. आज दुपारी साहेबांनी ती ताब्यात घ्यायला मलाच पाठवलं, कारण मिळवून दिली होती मीच. "दादा, आईला गावी एकटं ठेवता येत नाही हो," म्हणून माझ्यापुढे रडला होता. क्वार्टरच्या यादीत नंबर खरा रामण्णाचा होता. त्याला मीच समजावून मागे ठेवलं.

दार शरदच्या आईनं उघडलं.

"या, या! कंपनीनं त्याला ट्रेनिंगला पाठवलं, तुमचेच उपकार," म्हणाल्या. बशीत लाडू ठेवले. "दिवाळीला येतो म्हणालाय. तोवर मी घर राखते."

माझ्या पिशवीत कंपनीचं कुलूप होतं. मी लाडू खाल्ला आणि तसाच परत आलो.

गेटवर रामण्णा उभाच. "सार, आता तरी माझा नंबर?"

शरद रोज रात्री इथे तुमच्याबरोबर पत्ते कुटायचा. पासपोर्ट काढला, तिकीट काढलं, आणि तुमच्यापैकी एकालाही कुणकुण नव्हती? मला मूर्ख समजता काय?

ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. कुलूप मी लावीन. का लावतोय, ते त्या माउलीला तुम्ही सांगायचं.

कोण येतंय?