दोन बरण्या आणि एक शिट्टी

डॉक्टरांनी टेबलावर दोन काचेच्या बरण्या आणून ठेवल्या, तेव्हा मला आधी लोणचंच आठवलं. एकीत पाण्यात बुडवलेला, सोललेल्या नारळाएवढा करडा गोळा होता. दुसरीतला तसाच, पण मोठ्या लिंबाएवढा. डॉक्टर म्हणाले, "हा माणसाचा मेंदू आणि हा माकडाचा."

शेजारच्या खुर्चीत आमचे हे बसले होते. कोटाची बटणं लावत होते, काढत होते, परत लावत होते. मला वाटलं, डॉक्टर आता ह्यांना माकड ठरवणार. माझा पारा चढायला फार वेळ लागत नाही. मी म्हणाले, "तीस वर्सं माकडांच्यात नोकरी केली, म्हनून माकड झाले का काय ते?"

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सीटी स्कॅनचा फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं की ह्यांना डिमेन्शिया झाला आहे. डिमेन्शिया म्हणजे मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जाणं, आणि त्यांच्याबरोबर आठवण, बोलणं, समज जात राहणं. ह्याच्यावर औषध नाही. हे वेड नव्हे आणि कुणी केलेली करणीही नव्हे. शेवटचं वाक्य त्यांनी ह्यांच्या मनगटातल्या काळ्या दोऱ्याकडे बघून म्हटलं. तो मीच बांधला होता. 

हे लिहायला बसले ते अशा बाईसाठी किंवा बाप्यासाठी, जिच्या किंवा ज्याच्या घरात असं माणूस आहे आणि सांगायला कुणी नाही. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझे सहा महिने तरी वाचले असते, आणि ह्यांचे हाल.

आमचं घर कर्जतजवळ भिसेगावात. हे रेल्वेत सांधेवाले होते, वर घाटात ठाकुरवाडीला. त्यांचं काम समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती सुसाट खाली येईल. म्हणून मध्येच एक रूळ डोंगरावर चढता घातलेला असतो. सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलायची जोड, कायम त्या चढाकडेच लावलेला. उतरणारी गाडी आधी तिथं पूर्ण उभी राहायची, ड्रायव्हर शिट्टी द्यायचा, मग हे दांडा ओढून सांधा फिरवायचे आणि हिरवा झेंडा दाखवायचे. गाडी उभी राहिली नाही तर सांधा द्यायचा नाही, मग आत लाटसाहेब का बसलेला असेना. तीस वर्षं हेच.

मी खाली भिसेगावात एकटी. सासूबाई गेल्यावर तर अगदीच एकटी. आम्हाला मूल झालं नाही. ड्युटीहून हे येईपर्यंत मी जेवत नसे. पुष्कळदा हे दुसऱ्या दिवशीच येत. आले की घाटातल्या माकडांच्या गोष्टी सांगत. केबिनपाशी एक म्हातारं माकड यायचं, त्याला ह्यांनी मुकादम नाव ठेवलं होतं. एकदा हे म्हणाले होते, "वय झालं का माकड बी एकटंच बसतं गं. बाकीची त्याच्या उवा बी काढत नाय." मी तेव्हा हसले होते.

रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी आजार सुरू झाला. पहिल्यांदा शब्द हरवायला लागले. तांब्याला "ते पान्याचं" म्हणायचे. मग बाजारातून परत येताना वाट चुकले, तीही दोन वळणांची. कर्जतच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. डोळे तपासले, चष्म्याचा नंबर वाढवला. चष्मा नवा आला, पण ते तो घालायचं विसरू लागले.

एका सकाळी मी ओटीवर तांदूळ निवडत होते. हे समोर येऊन बसले, बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले आणि अगदी आदबीनं म्हणाले, "तुमी कोन?"

मी सूप खाली ठेवलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी "तुमी" म्हटलं नव्हतं. त्याचंच मला जास्त लागलं.

त्याहून वाईट होतं ते दाराचं. हे उंबऱ्यात दोन्ही हात पसरून उभे राहू लागले. मला आत जाऊ देईनात, बाहेर येऊ देईनात. न्हाणीघरात न्यायचं तर हाताला धरून ओढावं लागे, आणि ओढलं की मारत. ज्या माणसानं कधी हात उगारला नाही, त्याचे वळ मी पदराखाली झाकत होते. शेजारणी विचारायच्या, मी म्हणायचे, पडले. हळूहळू त्या यायच्या बंद झाल्या. कुणाला बोल लावू? मीच दार लावून घेत होते.

ह्यांचा धाकटा भाऊ खालापूरला असतो. त्याला मी भावजी म्हणते. भावजी माणूस वाईट नाही, पण निकाल लावायची घाई फार. तो म्हणाला, वेड्यांच्या इस्पितळात ठेवू. मी म्हणाले, आधी मुंबईच्या डॉक्टरांना दाखवू. म्हणून आम्ही मुंबई गाठली.

दहा-बारा फेऱ्या झाल्या असतील. रक्त तपासलं. थायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी, ती बिघडली तरी माणूस विसरतो, म्हणून ती तपासली. लंबर पंक्चर केलं, म्हणजे कमरेत सुई घालून पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. सगळं ठीक निघायचं. प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगला आला की मला रडू यायचं, कारण आता उरलं ते वाईटच असणार. बाकावर शेजारी बसलेल्या बायका विचारायच्या, तुमचे कोण? मी म्हणायचे, मालक. आणि मालक माझ्याकडे परक्यासारखे बघत असायचे.

मग सीटी स्कॅन. सीटी स्कॅन म्हणजे माणसाला एका गोल यंत्रात सरकवून डोक्याचे आडवे काप असावेत तसे फोटो काढतात. दुखत नाही, पण स्वस्थ पडावं लागतं. त्या खोलीच्या दारात हे अडले. हात पसरले. इस्पितळातल्या दोघांनी धरलं तर एकाचा चष्मा उडाला. भावजी ओरडायला लागला. गोंधळात ह्यांचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येत होतं.

"उभी नाय रायली अजून. सांधा देनार नाय."

हे वाक्य घरीही ते पुटपुटायचे. मी बडबड समजून सोडून दिलं होतं. सांधेवाल्याची बायको असून मला कळलं नाही, ह्याची लाज मला आजही वाटते. प्रत्येक उंबरा म्हणजे त्यांना सांधा होता. मी हाताला धरून ओढत होते, म्हणजे न थांबता गाडी हाणत होते. त्यांनी मारलं नसतं तर नवल.

मी त्या दोघांना बाजूला व्हायला सांगितलं. ह्यांच्यासमोर चार हात लांब जाऊन अगदी स्थिर उभी राहिले. आणि तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवली.

आता सांगायचं म्हणजे, लहानपणी आमच्या भातावर पोपटांचे थवे उतरायचे आणि राखणीला मी असायचे. शिट्टीत माझा हात कुणी धरत नसे. लग्न होऊन आले आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं की बाईमाणसानं शिट्टी वाजवायची नाही. ती मी पस्तीस वर्षं वाजवली नाही. त्या दिवशी अख्खा व्हरांडा मागे वळून बघायला लागला. भावजीनं मान खाली घातली.

ह्यांनी हात खाली घेतले. बाजूला वळून हवेतला एक दांडा जोर लावून ओढला. मग उजवा हात उंच धरून हळू हळू हलवला. मी पुढे झाले, खोलीत गेले, आणि हे माझ्या मागून आले. यंत्रावर गुपचूप पडून राहिले.

डॉक्टरांनी बरण्या काढल्या त्या ही हकिगत कानावर गेली म्हणूनच. ते कॉलेजात शिकवायचेही. त्यांनी सांगितलं, "दोन्ही मेंदूंचं तळघर जवळपास सारखंच असतं. वरचे मजले माणसानं वाढवले. कपाळामागचा हा भाग बघा, फ्रंटल लोब. विचार, बेत, तारतम्य इथं. माकडात तो केवढासा आहे." मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. ह्यांच्या मेंदूत ॲट्रॉफी झाली होती. ॲट्रॉफी म्हणजे आक्रसणं. कपाळामागं आणि कानांच्या आतल्या बाजूला, जिथं नवी आठवण तयार होते, तिथं काळ्या फटी पडल्या होत्या.

मी विचारलं, माकडाला होतं का असं? डॉक्टर म्हणाले, माकडही म्हातारपणी विसरतं, मंद होतं, एकटं बसतं. पण त्याचा मेंदू माणसाइतका आक्रसत नसावा, असं त्यांना वाटत होतं. कदाचित आपण वरचे मजले चढवले आणि शिवाय जास्त वर्षं जगायला लागलो, त्याची ही किंमत असेल. पक्कं कुणालाच ठाऊक नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि ह्यांचा सांधा कुठं राहिला, तेही दाखवलं. बेसल गँग्लिया म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले गड्डे, अंगवळणी पडलेली कामं तिथं मुरतात. दोन्ही बरण्यांत ते होते. ते शेवटपर्यंत तग धरतात.

मला फक्त एकच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "डॉक्टर, मंग मी कुठं हाय? वर का तळाला?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. म्हणाले, "बाई, ते फोटोत दिसत नाही."

बाहेर आल्यावर भावजी म्हणाला, "वयनी, तो तुमाला वळखत नाय. मंग कुठं बी रायला तरी काय फरक?" तरी मी ह्यांना घरी आणलं. माझी दोन बोटं शाबूत आहेत तोवर मला कुणाची गरज नाही, असं मी तोऱ्यात म्हणाले. मनातून भ्याले होते.

घरी उंबऱ्याउंबऱ्यावर थांबायचं, शिट्टी द्यायची, हात हलला की आत. आंघोळ, जेवण, संडास, सगळं त्या हिरव्या झेंड्यावर. मारणं थांबलं. आळीत माझी चेष्टा व्हायची, म्हातारी शिट्ट्या मारते म्हणून. होऊ दे. तुमच्या घरच्या माणसाचाही असा एखादा नियम तळाशी असेल, तो शोधा. त्याला ओढू नका.

पण ह्या उपायानं एक झालं. मी बायको उरलेच नाही, ड्रायव्हर झाले. हे मला "डायवरसाहेब" म्हणायचे. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस, आणि तेही दुसऱ्याच कुणाशी बोलायचं. ह्यांना भरवून झालं की माझी भूक मरायची. कधी चहावरच दिवस जायचा. साडीच्या निऱ्या वाढत गेल्या, मी इतकी रोडावले.

त्यानंतर हे दीड वर्ष होते. शेवटी शेवटी बोलणं गेलं, चालणं गेलं. गेले ते शांत गेले. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, एका दुपारचं.

मी त्यांना भात भरवला, तोंड पुसलं आणि ताट घेऊन उंबऱ्याशी थांबले. शिट्टी दिली. त्यांनी हात वर केला, पण हलवला नाही. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "डायवरसाहेब, खाली कर्जतला थांबनार ना?"

मी म्हणाले, "थांबनार."

"भिसेगावात माझी बायको हाय. एकटीच असते. माझी वाट बघत तशीच बसते, जेवत नाय. तिला सांगा, मला यायला उशीर हाय. जेवून घे म्हनावं."

मी म्हणाले, "सांगते."

मग त्यांनी हात हलवला. मी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले, पातेल्यात उरलेला भात वाढून घेतला आणि पोटभर जेवले.