चार जागा सोडा

पाण्याच्या पाळ्या लावणारं एक फुकटचं ॲप आहे. त्याचा कोड कुणीही उघडून बघावा, दुरुस्त करून पाठवावा. आलेल्या दुरुस्त्या तपासायचं काम केंदूरला घरी बसून मी करायचे. पगार नव्हता, पण मान होता आणि तो मला फार गोड लागायचा.

एकदा एका बाईची दुरुस्ती आली. महिना बदलला की यादीतून एका शेतकऱ्याची पाळी गळायची. आम्हा कुणालाच न सापडलेली ही चूक तिनं सहा ओळींत मिटवली होती. पण आमच्याकडे, कोड नीटनेटका दिसावा एवढ्यासाठीच, आतल्या ओळीआधी चार रिकाम्या जागा सोडायचा नियम होता आणि तिनं दोनच सोडल्या होत्या. मी परत पाठवलं. तिनं तोडक्यामोडक्या इंग्रजीत कळवलं, मोबाइलवर टाइप करते, चार सोडल्या की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते.

"नियम सगळ्यांना सारखे," मी लिहिलं.

पुढच्या खेपेला तिनं चार सोडल्या, एका ओळीत तेवढ्या तीन राहिल्या. तेही परत.

तिनं नमुन्यादाखल जोडलेल्या पाळ्यांच्या यादीत गाव होतं खुटबाव. म्हणजे भीमा ओलांडली की तिचं घर. मी नरमायला हवं होतं, पण मला लाज वाटली. परदेशातली माणसं हे सगळं वाचत होती. आमच्याकडच्या बायका अशाच गबाळ्या, असं त्यांना वाटलं तर? तिच्या खात्यावरच्या फोटोत मागं शेवंतीचं शेत होतं. असंच चालत पाचव्या वेळी परत पाठवताना मी मुद्दाम मराठीत लिहिलं, "जागा मोजता येत नसतील तर शेवंती तोडा. तिथं मोजावं लागत नाही."

तिनं सहाव्यांदा दुरुस्ती पाठवली नाही.

ओळी आपोआप सरळ करणारी एक कमांड असते. ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. आठवड्यानं मी ती तिच्या सहा ओळींवर चालवली आणि दुरुस्ती माझ्या नावानं आत घेतली.

पुढं खुटबावच्या बाजूच्या राहू गावात मावशीकडे साखरपुडा होता. पंगतीत वाढणाऱ्या एका बाईला मावशी कौतुकानं म्हणाली, "ही माझी भाची. पाण्याच्या पाळीचं ते ॲप हीच बघती."

बाई थांबली. "व्हय? मंग चार जागा सोडा म्हणणाऱ्या तुम्हीच का, ताई?"

"हो," मी म्हणाले.

"मी बघितलं नंतर. तुमच्या नावानं हाय. आन् समदं सरळ हाय. कसं केलं?"

"एक कमांड असते."

"मंग तवा का न्हाई सांगितली?"

"तुम्ही स्वतः शिकावं म्हणून," मी म्हणाले. साफ खोटं.

"शिकले की." तिनं माझ्या पानात आणखी एक जिलेबी टाकली. "लई हुशार हाय हो भाची तुमची," मावशीला म्हणाली आणि पुढच्या पानाकडे सरकली. मावशी खुलली.

त्यानंतर तिनं ॲपसाठी काही पाठवलं नाही. त्या सहा ओळींना तिचं नाव मला आजही लावता येईल, पाच मिनिटांचं काम आहे. अजून लावलेलं नाही.