खाडीतला झिरा

२०१६ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते हेच साल, त्यामुळं दुष्काळ किती होता ते वेगळं सांगत नाही. माझं गाव जळकोट तालुक्यात, तिरू नदीच्या काठाला. नदी म्हणायची सवय म्हणून नदी... त्या साली तिच्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

ह्या ग्रुपवर लोक भुताखेताचं लिहितात ते नात मला वाचून दाखवते. निम्म्या गोष्टींवर मी हसतो. आमच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा मी अकरा वर्षांचा. घरातले देव त्यांनी स्वतः पाटीत घालून नदीला नेले. परत आल्यावर आई म्हणाली, "आता भ्यायचं कुणाला?" वडील म्हणाले, "कुणालाच न्हाई." तेव्हापासून मी कुणाला भ्यालो नाही. पैज लावून स्मशानात झोपलोय. शाळा तिसरीपर्यंत, पण खरं-खोटं कळायला तिसरी पुरते. तर पुढचं लिहितो ते मला पटलंय म्हणून नाही. घडलं म्हणून लिहितो. नात टाईप करून राहिली, तिला सांगून ठेवलंय — माझा शब्द हलवायचा नाही.

माझा मुलगा प्रकाश लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. सून सुनीता नर्स आहे. गावाकडं मी आणि माझा कुत्रा, दोघंच. कुत्र्याचं नाव जमादार. गावठी, काळा, एक कान लांडग्यानं फाडलेला. शेतावर वाढला. उन्हाळ्यात नदी आटली की मी वाळूत झिरा खांदायचो आणि तो त्यातलं प्यायचा. ज्यांना झिरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — कोरड्या नदीच्या वाळूत हातभर खड्डा करायचा आणि गप बसायचं. पाणी खालून पाझरून वर येतं. पहिलं गढूळ उपसून टाकायचं, दुसरं प्यायचं. घाई केली की खड्डा ढासळतो. हे काम माणसाला शिकवावं लागतं, जमादारला शिकवावं लागलं नाही. जागा तोच दाखवायचा. पुढच्या दोन पायांनी वाळू उकरायची आणि बाजूला सरकून बसायचं, जसं काही साहेबानं पंचनामा केला, आता मजुरानं खांदावं.

मे महिन्यात प्रकाश म्हणाला, "दादा, चला समुद्रावर. चार दिवस तरी बादलीभर अंघोळ करा."

मी म्हणालो, "जमादार येत असंल तर येतो."

"कुत्र्याला कोण ठिवून घेणार तिथं?"

"मग मला बी कोण कशाला ठिवून घ्यावं."

प्रकाश चिडला. सुनीता चिडली नाही. ती दोन दिवस मोबाईल घेऊन बसली आणि दापोलीच्या पुढं एका गावात एक कॉटेज तिनं हुडकून काढलं, जिथं लेकराबाळांसकट आणि कुत्र्यासकट या म्हणतात. गावाचं नाव लिहीत नाही, त्या बाईंचा धंदा आहे. पण जागा सांगतो. तांबड्या चिऱ्याचं घर, वर कौलं, पुढं पडवी, मागं नारळ आणि विहीर. परसातून चालत गेलं की दहा-वीस पावलांवर खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी समुद्र.

घराच्या मालकीण मंदाताई. साठीच्या, काटक बाई. आम्ही गाडीतून उतरलो तर त्यांनी आधी जमादारकडं बघितलं.

"ह्यांचं नाव काय?"

"जमादार."

"आणि तुमचं?"

एवढ्या आयुष्यात मला असं घर बघायला मिळालं नव्हतं, जिथं कुत्र्याला नाव आधी विचारतात. त्याच्यासाठी पडवीत गोधडी अंथरलेली, पाय पुसायला वेगळं फडकं, स्टीलचं भांडं. "ह्यांचं जेवण आधी, मग आपलं," मंदाताई म्हणाल्या. आमच्या आजाला लोक ओट्यावर चढू देत नव्हते, आणि इथं माझा कुत्रा पडवीत गोधडीवर. मी त्या बाईला मनातल्या मनात मानलं.

त्यांनी विचारलं, "तुमचा जिल्हा कोणता हो, आजोबा?"

मी म्हणालो, "जन्मलो बिदरात, लगीन झालं उस्मानाबादेत, म्हातारा झालो लातुरात. आता उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून राहिले. गाव हाय तिथंच हाय."

त्या लई हसल्या.

पण जमादार पाणी पिईना. येतानाही गाडीत प्याला नव्हता, वाटलं, हलतंय म्हणून नसंल. स्टीलच्या भांड्यातलं हुंगलं आणि तोंड फिरवलं. घमेल्यात दिलं. मंदाताईंनी विहिरीचं ताजं शेंदून दिलं, "गोडं आहे हो आमचं पाणी, सगळा वाडा भरतो." बिसलरी दिली. नारळाचं पाणी दिलं. नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या नाकाला भेगा पडल्या. सुनीतानं त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"मामा, हे बरं न्हाई," ती म्हणाली. "ह्याच्या अंगात पाणी उरलं न्हाई. सकाळी दापोलीला न्यायचं, सलाईन लावायला. पण सकाळपत्तोर..." नर्स आहे, तिला कळतं.

प्रकाश म्हणाला, "म्हणून सांगत होतो, शेजाऱ्यापाशी ठिवा."

"मी आणलाय," मी म्हणालो. "मीच पाजीन."

आणि मी परसातून खाडीकडं निघालो. मंदाताई विहिरीवर होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, आत्ता ओहोटी आहे म्हणून वाळू दिसत्ये. उतरू नका हां. भरती लागायची वेळ झाली."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मी ऐकलं नाही. समोर नदी दिसत होती, आटलेली. मधी वाळू, कडेला चिखल, पार पलीकडच्या झाडीपर्यंत. आमच्याकडं नदी एकदा आटली की मिरगापर्यंत आटलेलीच असते. ती दिवसातून दोनदा भरते हे मला कुणी लेखी दिलं असतं तरी मी मानलं नसतं. जन्मभर आटलेली नदी बघितलेल्या माणसाला नदी शिकवून राहिल्या, असं वाटलं.

जमादार मागं-मागं आला. पाय ओढत. वाळूवर आल्यावर मात्र त्यानं मान वर केली. वास घेत-घेत तो पुढं झाला, खाडीच्या निम्म्यापर्यंत गेला, एका जागी गोल फिरला आणि पुढच्या पायांनी उकरायला लागला. मग बाजूला सरकून बसला.

परसातून मी करवंटी उचलून आणली होती. करवंटीनंच खांदलं. कोपरापर्यंत गेलं तेव्हा वाळू गार लागली. मग दम धरून बसलो. पाणी आलं, गढूळ. उपसलं. परत आलं. ते निवळलं.

आमची एक रीत आहे. झिऱ्याचं पाणी आधी मी चाखायचो, मग तो प्यायचा. करवंटीत घेऊन चाखलं... गोड. विहिरीसारखं गोड नाही, तिरूसारखं गोड. ज्यानं वाळूतलं पाणी प्यालंय त्यालाच कळंल, त्याला मातीची एक चव असते. मी करवंटी खाली ठेवली आणि जमादारनं खड्ड्यात तोंड घातलं. असा प्याला की त्याच्या बरगड्या हलताना दिसत होत्या. खड्डा रिकामा व्हायचा, तो थांबायचा, भरला की परत. मी तिथं बसून नुसतं बघत होतो. ऊन उतरलं होतं. सुख म्हणतात ते दुसरं काय असतं मला ठाऊक नाही.

पोट भरल्यावर तो उठला. अंग झाडलं आणि निघाला. आलो त्या वाटेनं सरळ नाही, जरा वळसा घेऊन. मी करवंटी भरून हातात घेतली, सुनीताला दाखवायला, आणि त्याच्या मागं चाललो. पायाखाली वाळू. कोरडी, भुसभुशीत. चपला पायात होत्या, काढायचं कारणच नव्हतं.

काठावर आरडाओरडा चालला होता. मंदाताई हात हलवत होत्या, सुनीता खाली बसलेली. आणि प्रकाश माझ्याकडं येत होता, पण कसा... दोन्ही हात पसरून, अंग पुढं रेटत, जसं काळ्या रानात पावसात माणूस गुडघाभर चिखलातून चालतं. वाळू तर सपाट. मला वाटलं, चेष्टा करून राहिला. जवळून जाताना मी म्हणालोसुद्धा, "काय करून राहिला रं?" तो जागीच थांबला. माझ्याकडं नुसता बघत होता. तोंड उघडं.

मी काठावर चढलो. जमादार आधीच चढला होता. सुनीतानं मला असं धरलं की करवंटीतलं पाणी सांडतंय की काय वाटलं.

"मामा, मागं बघा," ती म्हणाली.

मी मागं बघितलं. खाडी भरलेली होती. ह्या काठापासून त्या काठापर्यंत, तांबूस पाणी, आणि अजून आत शिरत होतं. वाळू कुठंच नव्हती. आणि माझा लेक छातीइतक्या पाण्यात उभा होता. तिथंच, जिथं मी त्याच्याशी बोललो.

तो पोहत आला. विहिरीत पोहायला मीच शिकवलं होतं. वर आला तर डोक्यापासून ओला, मोबाईल खिशातच. त्यानं काय केलं माहीत आहे का... खाली बसून माझं धोतर चाचपलं. काठ कोरडा. चपला कोरड्या. मग जमादारच्या पोटाखाली हात घातला. केस कोरडे, नुसती वाळू चिकटलेली.

"दादा," तो म्हणाला, "तुम्ही माझ्या शेजारून गेलात. मला पाणी इथपत्तोर हुतं. तुमचे पाय मला दिसतच न्हवते, पाणी गढूळ हुतं. पण तुम्ही माझ्याहून उंच दिसत हुता."

मंदाताई म्हणाल्या, "मधे एक वाळूचा बांध आहे पाण्याखाली. त्यावरनं आला असाल." मग स्वतःच म्हणाल्या, "पण भरतीला त्याच्यावर पुरुषभर पाणी असतं हो."

मी करवंटी पुढं केली. त्यांनी बोट बुडवून चाखलं. परत चाखलं. सुनीतानं चाखलं. प्रकाशनं उरलेलं पिऊनच टाकलं. मग मंदाताईंनी जमादारपुढं स्टीलच्या भांड्यात विहिरीचं पाणी ठेवलं, तर हा निर्लज्ज ते पण प्याला, जसं काही कधी हट्ट केलाच नव्हता. सुनीतानं चिमटीत कातडी धरली. सोडल्याबरोबर खाली बसली. तेव्हा ती रडली. कुत्रं नको म्हणणारा प्रकाश त्याच्या गळ्यात हात टाकून ओल्या कपड्यांनिशी बसला होता.

नंतर लई जणांना विचारलं. प्रकाशच्या ओळखीचा एक भूजलाचा माणूस म्हणाला, समुद्राखाली गोड्या पाण्याचे झरे असतात, नवल नाही. तेवढं पटलं. पण धोतराचं? प्रकाशनं वहीत आकृत्या काढून बघितल्या, शेवटी म्हणाला, "दादा, माझ्या विषयात बसत न्हाई." सुनीता म्हणते, जमादारनं आणलं. त्याला जागेची पारख आहे हे मी मान्य करतो, त्याच्यासारखा कुत्रा पंचक्रोशीत झाला नाही. पण पाणी बाजूला सारणं कुत्र्याचं काम नाही. आणि मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. मला एकाच गोष्टीचा अभिमान वाटतो — मी बुडतोय असं वाटून माझा लेक भरतीत उतरला. त्याला तर कोरडी वाळू दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली. मी मंदाताईंना विचारूनच खाली उतरलो, त्यांची पितळी कळशी विहिरीवरून काठोकाठ भरून घेतली. सुनीता म्हणाली, "मी घेते, मामा." दिली नाही. खांद्यावर घेऊन खाडीच्या निम्म्यापर्यंत गेलो. खड्डा बुजलेला, वाळू सपाट, खूणही नाही. जमादारनं हुंगलं नाही की उकरलं नाही, तो बाजूला उभा राहून बगळे बघत होता. अंदाजानं जागा धरली आणि अख्खी कळशी तिथं ओतली. वाळूनं लगेच पिऊन टाकली.

वर आल्यावर मंदाताईंनी विचारलं, "नमस्कार केलात ना, आजोबा?"

मी म्हणालो, "नमस्कार न्हाई केला, ताई. आमच्याकडं पाणी उसनं घेतलं की भरून परत द्यायचं असतं. ते दिलं."